सुगंधाचा निवाडा कोणी करायचा?

कन्हानला वासांचा तुटवडा नाही. नागपूरहून जबलपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात, त्यांच्या डिझेलचा वास आहे. आसपासच्या खाणींतला कोळसा ट्रकमधून सांडत जातो आणि पहिला पाऊस पडला की त्या काळ्या भुकटीचा एक ओलसर, आंबूस वास उठतो. पुलावर उभे राहिले की नदीच्या रेतीचा वास येतो. मे महिन्यात घरोघरच्या कूलरमधून वाळ्याचा सुगंध येतो आणि थंडीत बाजारात संत्र्यांचे ढीग लागले की सालींचा. अशा या गावात साठी उलटलेल्या, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या आणि दोन-चार कादंबऱ्या नावावर असलेल्या एका गृहस्थाच्या अंगाला अननसाचा वास येऊ लागला, तर त्याची चर्चा होणारच. तो गृहस्थ मी.

त्याचे असे झाले. २०२२ च्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आला तो माझ्यासाठी सेंटची एक बाटली घेऊन. जड काच, काळे झाकण, वर सोनेरी अक्षरे. ‘‘बाबा, एक मनगटावर, एक मानेवर. आणि घासायचं नाही,’’ अशी सूचना देऊन त्याने स्वतःच दोन फवारे मारले. पहिल्या क्षणी मला वाटले, आपण लग्नघरातल्या अननसाच्या शिऱ्याच्या पातेल्यात पडलो. त्यामागून हिरवे सफरचंद आले, आणि मग जत्रेत मिळणाऱ्या गुलाबी साखरेच्या कापसाचा, आमच्याकडे ज्याला ‘बुढ्ढी के बाल’ म्हणतात त्याचा, दाट गोडवा. ‘‘हे पुरुषांचं आहे?’’ मी विचारले. ‘‘बाबा, हल्ली सगळे हेच वापरतात,’’ तो म्हणाला.

आमच्या पिढीची सुगंधाची समज बेताची. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला उटणे आणि मोती साबण. वडील लग्नाकार्याला जाताना कानाच्या पाळीमागे हिना अत्तराचा फाया ठेवत. मी अधिकारी झालो तेव्हा दाढीनंतर लावायच्या ओल्ड स्पाइसची बाटली घेतली आणि ती पुरवून पुरवून वापरली. पुरुषाचा वास म्हणजे मसाल्याचा, लाकडाचा, फार तर लिंबाचा, अशी एक खूणगाठ मनात पक्की होती. तिच्यात अननस कुठेच बसत नव्हता.

एरवी हा प्रश्न घरातल्या घरात सुटला असता. छत्तीस वर्षांच्या नोकरीत सकाळी डबा आणि रुमाल हातात देताना आमच्या सौ. क्षणभर जवळ थांबत आणि निकाल देत. निकाल दोनच प्रकारचे असत. ‘‘ठीक आहे,’’ किंवा ‘‘जास्त झालंय.’’ त्यावर अपील नसे. ‘जास्त झालंय’ म्हटले की मी निमूटपणे ओल्या रुमालाने मान पुसून बाहेर पडे. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये, नागपुरात करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना, आम्ही दोघेही आजारी पडलो. माझा ताप आठ दिवसांत गेला. तिचाही गेला, पण जाताना तिच्या नाकातले वासाचे ज्ञान घेऊन गेला.

वास जाणे म्हणजे काय, हे ज्याच्या घरात घडले त्यालाच कळते. डोळे गेले तर जग हळहळते, कान गेले तर यंत्र मिळते, वास गेला तर लोक म्हणतात, ‘‘बरं झालं, गटाराचा तरी येणार नाही.’’ डाळ खाली लागली तरी तिला कळेना. दूध नासले आहे की नाही हे ती मला विचारू लागली. पावसाळ्यातल्या एका दुपारी मी बाहेरून आलो तर घरभर गॅसचा वास. शेगडीची कळ अर्धवट उघडी आणि ही तिथेच ओट्याशी बसून शांतपणे मेथी निवडते आहे! गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम एक उग्र दर्प मिसळतात. ती सोयही तिच्यासाठी उरली नव्हती. मी खिडक्या उघडल्या, सिलिंडर बंद केला. ती घाबरली, पण रडली नाही. रडली ती पुढे दिवाळीत, तान्ह्या नातवाला पहिल्यांदा मांडीवर घेतल्यावर. ‘‘अहो, याच्या जावळाचा वास मला येत नाही,’’ एवढेच म्हणाली.

तेव्हा पुढच्या वर्षी ही बाटली आली, तर निकालासाठी मला घराबाहेर जावे लागले.

पहिला निकाल नदीकडे फिरायला जाताना मिळाला. खाणीतून निवृत्त झालेले माझे एक स्नेही दहा पावलांवरून म्हणाले, ‘‘काय साहेब, सकाळी सकाळी अननसाचा शिरा हाणून आले काय?’’ त्यांच्या सात वर्षांच्या नातीने मात्र माझा हात धरून ठेवला. ‘‘आजोबा, तुम्हाला केकचा वास येऊन राहिला,’’ असे म्हणताना तिच्या चेहऱ्यावर निखळ आनंद होता. सलूनमधल्या पोराने तर मला एकदम तरुण मंडळींत बसवले. ‘‘साहेब, आजकाल पोट्टे हेच मागून राहिले. टिकते, आन् दुरून येते. कोणी विचारलं, ‘कोणता मारला बे?’ की पैसे वसूल!’’ चौथा निकाल शब्दांवाचून मिळाला. इतवारीहून रामटेकला जाणाऱ्या गाडीत माझ्या शेजारी बसलेल्या एका बाईंनी आधी खिडकी उघडली, मग पदर नाकाला लावला आणि पुढच्या स्टेशनावर जागा बदलली. काही माणसांचे डोके उग्र वासाने खरोखरच दुखते, हे मला ठाऊक होते. तरीही ओशाळलो.

एकच बाटली, आणि निकाल चार! मग लोक ठरवतात तरी कशावरून? मी चौकशी केली तेव्हा लक्षात आले की वापरणाऱ्यांच्या कसोट्या ठरलेल्या आहेत. टिकते किती, हा पहिला प्रश्न. सकाळी लावलेले संध्याकाळी शर्टाला येते की नाही? पसरते किती, हा दुसरा. हातभर अंतरावरून कळते, की खोलीत शिरण्याआधीच वर्दी देते? तिसरा, कोणी स्तुती केली का? चौथा, किमतीच्या मानाने कसे आहे, आणि अमुक एका महागड्या परदेशी सेंटाशी किती जुळते? आणि सगळ्यांत शेवटी, थोड्या दबक्या आवाजात विचारला जाणारा पाचवा : हे बायकी तर वाटत नाही ना?

या पाचव्या प्रश्नाची मला गंमत वाटली, कारण आमच्या गावाचा कोळसा त्याच्या मुळाशी आहे. म्हणजे कन्हानचा नव्हे, पण जातकुळी तीच. विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८६८ मध्ये कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून ‘कुमारिन’ नावाचे सुगंधी द्रव्य कृत्रिम रीतीने बनवले. कापून वाळत घातलेल्या गवताचा, किंचित बदामासारखा गोड वास म्हणजे कुमारिन. १८८२ साली पॅरिसच्या उबिगाँ कंपनीने ते वापरून ‘फुजेर रॉयाल’ हे सेंट काढले. त्याच्या नावावरून एक घराणेच निर्माण झाले आणि पुढे शंभर वर्षे सलूनमधून दरवळणारा ‘मर्दानी’ वास म्हणजे बहुतांशी त्याच घराण्याचा विस्तार. म्हणजे गोडवा पुरुषांच्या सेंटात पहिल्यापासून होताच. तो लव्हेंडरच्या आणि शेवाळाच्या आड उभा होता, इतकेच.

तो पुढे आला नव्वदच्या दशकात. १९९२ साली थिएरी म्युग्लर यांच्या ‘एंजल’ या बायकांच्या सेंटात साखरेच्या कापसाचा वास देणारे इथाइल माल्टॉल सढळ हाताने वापरले गेले आणि मिठाईचा वास अंगाला लावण्याची चाल पडली. १९९५ साली जाँ पॉल गोतिए यांच्या ‘ल माल’मध्ये पुदिना आणि लव्हेंडरच्या जोडीला भरपूर व्हॅनिला आला. नावाचा अर्थच ‘नर’, आणि वास आइस्क्रीमच्या जवळचा! २०१० साली क्रीड कंपनीच्या ‘अव्हेंटस’ने पुरुषांच्या अंगावर अननस आणून ठेवला. तो इतका गाजला की त्याच्याशी जुळणारी, त्याच्या किमतीच्या लहानशा हिश्शात मिळणारी सेंटे दुबईपासून दिल्लीपर्यंत तयार होऊ लागली. माझी बाटली त्याच गणगोतातली.

आणि आपल्याकडे? बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या सोमेश्वर राजाने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाने अंगाला लावायच्या सुगंधी उट्यांना स्वतंत्र जागा दिली आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधवाद’ या सुगंधशास्त्रावरील पोथीचा आणि तिच्यावरच्या जुन्या मराठी टीकेचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिचा काळ ते १३५० ते १५५० च्या दरम्यानचा मानतात. सुगंध कसा करावा हे मराठीतून समजावून सांगण्याची गरज कोणाला तरी साडेचारशे वर्षांहून आधी वाटली होती. तमाशाला जाणारा शौकीन मनगटाला मोगऱ्याचा गजरा बांधी, आणि त्याच्या मिशांना त्यामुळे काही उणेपणा येत नसे. वारकऱ्याच्या कपाळीचा बुक्का सुवासिकच असतो. हळदीकुंकवाच्या बायकांना आणि सत्कारसभेतल्या पुरुषांना एकाच अत्तरदाणीतले अत्तर लावले जाई. फूल बायकांचे आणि लाकूड पुरुषांचे ही वाटणी आपल्या देवघरातली नाही. ती दुकानाच्या फळीवरची आहे. त्यामुळे पाचवा प्रश्न मी निकालात काढला.

उरलेल्या चार प्रश्नांसाठी मला कामठी गाठावी लागली. पुलापलीकडच्या या छावणीच्या गावात एक वृद्ध अत्तरवाले माझ्या ओळखीचे आहेत. बँकेत खाते असल्यापासूनची ओळख. लाकडी पेटीत काचेच्या नक्षीदार कुप्या, उन्हाळ्यात वाळा, पावसाळ्यात केवडा, थंडीत हिना. मी माझी बाटली त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एक फवारा मनगटावर घेतला आणि नाकाजवळ न नेताच हात गुडघ्यावर ठेवला. मग चहा मागवला. माझ्या मुलांची चौकशी केली, स्वतःच्या गुडघ्यांची हकिकत सांगितली. मी अस्वस्थ होऊन विचारले, ‘‘वास कसा आहे?’’ ते म्हणाले, ‘‘जल्दी क्या है साहब? पहले इसे दम तो लेने दो.’’

तासाभराने त्यांनी मनगट नाकाशी नेले आणि हसून माझ्यापुढे धरले. अननस कुठल्या कुठे गेला होता. सफरचंदही नव्हते. उरला होता तो व्हॅनिलाचा मऊ गोडवा आणि कस्तुरीसारखा, धुतलेल्या कपड्यासारखा एक मंद वास. मुळीच वाईट नव्हता.

यामागचे कारण साधे आहे. संत्र्याची साल मेणबत्तीपुढे दाबली की ठिणग्या उडतात, हा खेळ आपण सगळ्यांनी केला आहे. त्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते, आणि ते हलके असल्याने झटकन उडून जाते. फळांच्या वासाची द्रव्येही बहुतेक अशीच चंचल. शिवाय संत्र्या-लिंबांच्या सालीतून तेल पिळून निघते, तसे अननसातून किंवा सफरचंदातून सेंटासाठी निघत नाही. तो वास प्रयोगशाळेत जुळवून करावा लागतो. बाटलीतला अननस हा बागेतला नसतो, तो कारागिराच्या स्मरणातला असतो. व्हॅनिला आणि कस्तुरीच्या जातीची द्रव्ये मात्र जड. ती तासन्‌तास अंगाला धरून बसतात. दुकानात उभ्या उभ्या कागदाची पट्टी हुंगून सेंट विकत घेणारा माणूस पहिल्या पाच मिनिटांना पैसे देतो आणि पुढचे आठ तास वेगळ्याच वासाबरोबर काढतो.

हे ऐकून माझ्यातला बँकवाला जागा झाला. कर्जाच्या अर्जाचे पहिले पान नेहमीच गोड असते. प्रकल्प अहवाल वाचताना अननसाचा घमघमाट सुटतो. खरा माणूस कळतो तो तिसऱ्या वर्षी, हप्ता भरायला आला की नाही त्यावरून. सेंटाचा निवाडाही वसुलीच्या वेळी करायचा असतो. त्यात पुन्हा हवामान आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. त्या उन्हात गोड वास फुगतो आणि गुदमरवतो. तोच जानेवारीच्या थंडीत स्वेटरच्या आत गुपचूप बसून सुखावतो. अत्तरवाले ऋतूप्रमाणे पेटी बदलतात ते उगीच नव्हे.

निघताना त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली, आणि तीच मला सर्वांत मोलाची वाटते. ‘‘अपनी खुशबू अपने को नहीं आती साहब. दूसरों से पूछो.’’ हे अक्षरशः खरे आहे. आपले नाक एकाच वासाला फार लवकर सरावते. पंधरा-वीस मिनिटांत आपल्याच अंगचा वास आपल्याला येईनासा होतो. शेजाऱ्याला मात्र तो येतच असतो. मग ‘टिकत नाही’ म्हणून आपण आणखी दोन फवारे मारतो आणि रामटेकच्या गाडीतल्या बाई जागा बदलतात. त्यातून काही कस्तुरीद्रव्ये अशी की ती काही माणसांना मुळीच जाणवत नाहीत. तेव्हा टिकते किती आणि पसरते किती, या प्रश्नांवर लावणाऱ्याची साक्ष सर्वांत कच्ची. ज्याच्या अंगाला वास आहे त्यानेच निकाल द्यायचा, हे कर्जदारानेच स्वतःचे कर्ज मंजूर करण्यासारखे आहे. त्यासाठी घरात एक माणूस लागतो. मन न राखता ‘जास्त झालंय’ म्हणणारा. माझ्या घरात तो होता. त्याचे नाक गेले होते.

नागपूरच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तिला औषध दिले नव्हते, व्यायाम दिला होता. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ही पद्धत मांडली. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास दिवसातून दोनदा, निदान बारा आठवडे, लक्षपूर्वक हुंगायचे. वास आला नाही तरी त्याची आठवण करत हुंगायचे. आम्ही चार लहान बाटल्या केल्या. गुलाबाचे अत्तर कामठीचे, निलगिरीचे तेल औषधाच्या दुकानातले, लिंबाची साल आणि लवंगा घरच्या. सकाळ-संध्याकाळ ती देवापुढे बसावे तशी त्या बाटल्यांपुढे बसे. मी विचारी, ‘‘काही?’’ ती मान हलवी. बारा आठवडे झाले, वर्षही उलटले. मधे काही महिने कांदा परतला की तिला रबर जळल्यासारखा वास येई. डॉक्टर म्हणाले, हे चांगले लक्षण आहे, नसा नव्याने जुळत असताना असे चुकीचे निरोप येतात. माणसाला वाईट वासाचाही आनंद होऊ शकतो, हे मी तेव्हा पाहिले. मग लवंग कळू लागली. अगदी पुसट, शेजारच्या घरातून यावी तशी. पुढे निलगिरी. गुलाब आणि लिंबू काही येईनात.

२०२३ ची संक्रांत. कामठीला एका स्नेह्यांकडे तिळगुळाला जायचे होते. थंडी होती म्हणून मी ती बाटली काढली. दोन फवारे मारले. थोड्या वेळाने वाटले, वास येत नाही, म्हणून आणखी दोन मारले. अत्तरवाल्यांचे बोल ऐकूनही माणूस चुकतो तो असा. ही तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली. नाक किंचित वर केले. कपाळाला आठी पडली. मी बोललो नाही.

‘‘काहीतरी गोड आहे,’’ ती म्हणाली.

‘‘कशाचं?’’

‘‘ते नाही सांगता येत. लिमलेटच्या गोळीसारखं काहीतरी.’’ ती एक पाऊल जवळ आली, पुन्हा श्वास घेतला, आणि चाळीस वर्षांच्या सवयीने म्हणाली, ‘‘पण जास्त झालंय.’’

मी निमूटपणे आत जाऊन सदरा बदलला. बदलायला जरा वेळ लागला, कारण बटणे नीट दिसत नव्हती.

नातवाचे जावळ तोवर काढून झाले होते. तरी संध्याकाळी कामठीहून परतल्यावर तिने मला पुण्याची दोन तिकिटे काढायला सांगितली.